टिप्टनसाहेबांचा वळसा

परदेशी जाऊन आलेल्या आईबापांचे आमच्या कॉलनीत एक मंडळ आहे. त्याची कुठे नोंदणी नाही, वर्गणी नाही आणि अध्यक्षपदावरून भांडणे नाहीत. म्हणजे मराठी माणसांचे मंडळ म्हणून ते तसे अपुरेच आहे. संध्याकाळी सहा वाजता गणपतीच्या देवळामागच्या बाकांवर बैठक भरते. सभासदत्वाची अट एकच. मुलगा किंवा मुलगी 'तिकडे' असली पाहिजे. तिकडून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक धबधबा आणि हातात मशाल घेतलेली एक बाई असतेच. धबधब्यासमोर रेनकोट घालून उभी असलेली जोडपी इतकी सारखी दिसतात की, एकदा आमच्या एका सभासदाने चुकून दुसऱ्याचाच फोन उघडून पंधरा मिनिटे प्रवासवर्णन केले. बायकोचा चेहरा बराच प्रसन्न दिसतो आहे, म्हणून त्यांना शेवटी शंका आली.

अशा या जाणकार मंडळींसमोर मी अमेरिकेहून आणलेले फोटो ठेवले. पहिला फोटो आगीच्या बंबांच्या स्टेशनाचा. दुसरा तुरुंगाचा. तिसरा प्राथमिक शाळेचा. चौथा बँकेचा. पाचवा वाचनालयाचा.

बाकांवर शांतता पसरली. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारले, "अहो, तुम्ही अमेरिकेला गेला होतात की इन्स्पेक्शनला?"

त्यांचेही चुकले नाही. मीच पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. सरकारी इमारत दिसली की माझा पाय आपोआप अडखळतो. पण हे फोटो काढण्यामागे माझी खोड नव्हती. ज्या गावी मी गेलो होतो, तिथे पाहुण्यांना दाखवतातच या गोष्टी. तिकीट काढून, बसमध्ये बसवून!

गावाचे नाव कोलंबस. राज्य इंडियाना. हे सगळे पत्त्यासारखे सांगावे लागते, कारण नुसते कोलंबस म्हटले की सगळ्यांना ओहायोची राजधानी आठवते. आमच्या तिकीटवाल्याने तर मला तिथेच पाठवायची जय्यत तयारी केली होती. हे कोलंबस लहान. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. बिचारा खरा कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि अमेरिकेला पोचला. आमचे चिरंजीव हिंदुस्थानातून निघाले आणि कोलंबसला पोचले. इतिहासाचा हिशेब असा पाचशे वर्षांनी आमच्या घरात फिटला.

पुण्याचा या गावाशी संबंध जुना आहे. 'कमिन्स' हे नाव पुण्यात कोणाला सांगायला नको. १९६२ साली ही इंजिनांची कंपनी किर्लोस्करांशी भागीदारी करून पुण्यात आली. कर्वेनगरातल्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९९१पासून तिचे नाव आहे. पण कमिन्सचे मूळ गाव कुठले, असे कोणी विचारत नाही. सासरचे नाव लावलेल्या बाईला माहेर कुठले म्हणून विचारायचे राहून जावे, तसे ते झाले आहे. ते माहेर म्हणजे हे कोलंबस. चिरंजीव बारा वर्षांपूर्वी तिथे गेले ते तिथलेच झाले.

बारा वर्षे मुलगा तिकडे आणि मी पहिल्यांदा गेलो ते गेल्या उन्हाळ्यात. आमची ही दोनदा जाऊन आली. मी का गेलो नाही, याला माझ्याजवळ कारणे होती. एकदा गुडघा होता. एकदा पाऊस होता. एकदा टाकीचे झाकण बदलायचे होते. पण आता खरे सांगायला हरकत नाही. मी रुसलो होतो.

नातू होणार म्हटल्यावर मी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात नावांची यादी करून पाठवली होती. यादीत एकच नाव होते : त्रिंबक. माझ्या वडिलांचे. पर्याय नको म्हणून यादी मुद्दाम लहान ठेवली होती. बारशाच्या दिवशी फोन आला. नाव ठेवले होते नील. "इकडेही चालतं आणि तिकडेही चालतं, बाबा," चिरंजीव म्हणाले. मी म्हटले, "छान आहे." हे 'छान आहे' मी अशा आवाजात म्हटले की आमच्या हिने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारले, "कोण गेलं?"

तेव्हापासून पाच वर्षे मी त्या मुलाला 'बाळ' म्हणत होतो. नाव घ्यायचे टाळायला हा उत्तम उपाय आहे. फोनवर "बाळ कसं आहे?" एवढेच विचारायचे. ते बाळ शाळेत जाऊ लागले, दात पडले, सायकल चालवू लागले, तरी बाळच. शेवटी हिने परस्पर तिकिटे काढली आणि मला बॅग भरायला सांगितले. टाकीला तर झाकण होतेच.

इंडियानापोलिसला विमान उतरते. तिथून मोटारीने दक्षिणेला तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका. मका संपला की सोयाबीन. सोयाबीन संपले की मका. डोंगर म्हणून नाही. सिंहगडाखाली वाढलेल्या माणसाने नजर टेकवायची तरी कुठे? मग एक नदी येते आणि तिच्यावर लालभडक पूल. १९९९ साली बांधलेला. त्याच्या खांबांवरून तारा अशा खाली सोडल्या आहेत की त्यांच्या बरोबर मधोमध १८७४ सालच्या कोर्टाचा मनोरा दिसतो. म्हणजे गावात शिरण्याआधी गावाचा फोटो चौकटीत घालूनच तुमच्या हातात देतात.

"हे आमचं गाव, बाबा," चिरंजीव म्हणाले.

मी काही बोललो नाही. आमचे गाव वाई. निदान आजवर होते. तो शब्द असा दुसऱ्याच्या पुलावर सांडलेला मला आवडला नाही. त्या दिवशी झोपेपर्यंत त्याने 'आमचं गाव' एकंदर सहा वेळा म्हटले. मी मोजले.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना गाव दाखवणाऱ्या बसमध्ये बसवले. घराशेजारी राहणारा मुलगा, पण बापाला गाव दाखवायला मार्गदर्शक! पर्यटकांच्या केंद्रात १८६४ सालचे जुने घर आहे. तिथून बस निघते. गाव दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि उत्साह असा की लग्नघरातल्या मावशी वाटाव्यात. बस हलली आणि त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती जनरल जॉन टिप्टन यांची.

गाव वसले १८२१ साली. टिप्टनसाहेबांची तिथे नदीकाठच्या टेकाडावर लाकडाची झोपडी होती. जिल्ह्याचे गाव वसवायचे म्हणून त्यांनी आपल्या जमिनीतली तीस एकर देऊन टाकली. लोकांनी कृतज्ञतेने गावाचे नाव ठेवले टिप्टोना. पण थोड्याच दिवसांत, २० मार्च १८२१ रोजी, पंचांनी ते बदलून कोलंबस केले. साहेब संतापले. सांगतात असे की, पुढे रस्ते काढायचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मोठा रस्ता या गावाच्या बाहेरून वळवून नेला. जमीन दिली, नाव गेले, म्हणून गावालाच वळसा!

बस हसली. आमची ही जरा जास्तच हसली आणि माझ्याकडे बघून हसली. पाच वर्षे इंडियानाला वळसा घालणाऱ्या माणसाला दोनशे वर्षांपूर्वीचा एक सोबती मिळाला होता. मला टिप्टनसाहेबांबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला. पुढे त्याच राज्यात दुसऱ्या एका गावाला आणि जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, हे ऐकून तर बरे वाटले. कुठेतरी एखादा त्रिंबक होईलही, म्हटले.

त्यानंतर कंपनीची जन्मकथा आली. ती ऐकून माझा अमेरिकन धंद्याविषयीचा समज पार बदलला. विल्यम अर्विन नावाचे गावातले सावकार, बँकवाले. त्यांच्या मोटारीवर क्लेसी कमिन्स नावाचा ड्रायव्हर होता. शिक्षण बेताचे, पण हातात कला. आपल्याकडे ड्रायव्हरने फार तर 'साहेब, पगार वाढवा' म्हटले असते. याने 'साहेब, डिझेलचं इंजिन करतो' म्हटले आणि साहेबांनी पैसे दिले. १९१९ साली कंपनी निघाली. आणि नफा कधी झाला? १९३७ साली! अठरा वर्षे सावकार पैसे ओततो आहे आणि ड्रायव्हर इंजिने करतो आहे. मध्ये एकदा साहेबांचा धीर सुटत आला, तेव्हा क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवले आणि १९२९च्या नाताळात साहेबांना त्यातून फिरवून आणले. साहेब पुन्हा पाघळले. १९३१ साली त्याने इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत डिझेल गाडी उतरवली. ती पहिली आली नाही, तेरावी आली. पण पाचशे मैलांत एकदाही थांबली नाही. बाकीचे वेगाने पळत होते आणि पुन्हा पुन्हा तेल प्यायला थांबत होते. ही आपली सुनेच्या माहेरच्या बैलगाडीसारखी चालतच राहिली. ससा आणि कासवाच्या गोष्टीत कासवाला डिझेलवर चालवायचे कोणाला सुचले असते?

या अर्विन घराण्यातले पुढचे गृहस्थ म्हणजे जे. अर्विन मिलर. जन्म १९०९, मृत्यू २००४. यांच्यामुळे मी आजपर्यंत हे लिहितो आहे. कंपनी वाढली, पण जगभरचे हुशार इंजिनिअर मक्याच्या शेतात येऊन राहणार कशाला? युद्धानंतर मुले वाढली होती, शाळा अपुऱ्या पडत होत्या. मिलरसाहेबांनी गावाला सांगितले : शाळा तुमची, पैसे तुमचे, जागा तुमची, नकाशा काढणाऱ्याची फी मात्र आमच्या कंपनीचे फाउंडेशन देईल. अट एवढीच की नकाशा काढणारा देशातल्या उत्तम आर्किटेक्टांच्या यादीतून निवडायचा. १९५७ साली हॅरी वीज या आर्किटेक्टाची पहिली प्राथमिक शाळा झाली. मग शाळांमागून शाळा, मग बंबाचे स्टेशन, मग इतर सार्वजनिक इमारती. १९९१ साली अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने शहरांची यादी केली, तेव्हा शिकागो, न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि वॉशिंग्टन यांच्यामागोमाग हे मक्यातले गाव सहावे आले.

नकाशा काढणाऱ्याची फी! वाचकहो, हे शब्द ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, तो बसमधल्या एअर कंडिशनरमुळे नव्हे. पस्तीस वर्षे मी नकाशे काढले, आणि नकाशाला किंमत असते असे कोणी माझ्यासमोर प्रथमच म्हणत होते. आमच्या कचेरीत 'टाइप प्लॅन' असे. दोन खोल्यांची शाळा, चार खोल्यांची शाळा, दवाखाना, गोदाम. ट्रेसिंग कपाटात ठेवलेले. गाव बदलले की खालचे नाव खोडायचे, नवे लिहायचे. कोकणातला पाऊस आणि माणदेशातले ऊन आमच्या एकाच नकाशात सुखाने नांदत असे. नदीकाठच्या शाळेचे तोंड नदीकडे की स्मशानाकडे, हे ठेकेदाराचा ट्रक कुठून येतो त्यावर ठरायचे.

आणि इथे बंबाच्या स्टेशनासमोर बस थांबवून बाई सांगत होत्या, हे रॉबर्ट व्हेंचुरी यांचे. १९६०च्या दशकातले. साधी विटांची बैठी इमारत. मधे एक मनोरा आणि त्यावर भला मोठा चारचा आकडा. स्टेशन नंबर चार. मनोरा कशाला? पाण्याचे पाइप आत टांगून वाळवायला. मला तिथे उतरून त्या इमारतीला नमस्कार करावासा वाटला. काम काय, तर पाइप वाळवणे. आणि त्यासाठी कोणीतरी बसून, डोके खाजवून, विचार केला होता.

पुढे तुरुंग. १९९० सालचा. वर जाळीचा घुमट. त्याखाली कैदी व्यायाम करतात. आमची ही म्हणाली, "आपल्या सोसायटीच्या हॉलपेक्षा बरा आहे." सोसायटीच्या हॉलचा नकाशा माझा होता, हे तिला ठाऊक आहे.

बँकेशी आणि चर्चशी आलो, तेव्हा बाईंनी आणखी एक गोष्ट काढली. मुख्य चौकातले उंच मनोऱ्याचे चर्च १९४२ सालचे. मनोरा १६६ फूट, सरळ, काटकोनी, काही नक्षी नाही. ते एलिएल सारिनेन यांचे. हे बापाचे काम. जवळच सगळ्या बाजूंनी काचा असलेली बैठी बँक, १९५४ सालची. बँका किल्ल्यासारख्या बांधायच्या त्या दिवसांत आतला कारभार रस्त्यावरून दिसावा अशी. ती एरो सारिनेन यांची. हा मुलगा. गावाच्या उत्तरेला त्याचेच आणखी एक चर्च, १९६४ साली पुरे झालेले. तोवर तो जाऊन तीन वर्षे झाली होती. षट्कोनी बसके छप्पर आणि त्यातून १९२ फूट वर गेलेली टोकदार सुई. मला ते पालथ्या घातलेल्या नरसाळ्यासारखे दिसले. पण बाईंचा चेहरा पाहून मी ते मराठीतच म्हटले. २०२२ साली तिथे प्रार्थनेला येणारी मंडळीच पुरेशी उरली नाहीत, म्हणून ते मंडळ विसर्जित झाले. इमारत पुढे गावच्या वाचनालयाकडे गेली. उत्तम नकाशालाही माणसे पुरत नाहीत कधी कधी. हे बाईंनी लपवले नाही, म्हणून त्या मला जास्त आवडल्या.

पण गोष्ट होती ती वेगळीच. १९४७ साली सेंट लुइसला एक मोठे स्मारक उभारायची स्पर्धा होती. बापाने एक नकाशा पाठवला, मुलाने दुसरा. दोघांचे ऑफिस एकच. सांगतात, पहिल्या फेरीत निवड झाल्याची तार आली ती बापाच्या नावाने. घरात जल्लोष झाला, शॅम्पेनची बाटली फुटली. मग कळले की तार चुकली, निवड झाली ती मुलाची. तेव्हा त्या म्हाताऱ्याने काय केले? दुसरी बाटली फोडली. मुलासाठी. तीच सेंट लुइसची ती प्रसिद्ध कमान, ६३० फूट उंच. ती पुरी व्हायच्या आधी बाप १९५०मध्ये गेला आणि मुलगा १९६१मध्ये.

बसमध्ये कोणी हसले नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. टिप्टनसाहेब माझ्या शेजारच्या सीटवर जरा अवघडल्यासारखे झाले असावेत.

दुपारी आय. एम. पे यांच्या वाचनालयासमोर उतरलो. १९६९ सालचे, लाल विटांचे. पुढच्या अंगणात हेन्री मूर यांची ब्राँझची कमान. वीस फूट उंच. कुठल्या तरी प्रचंड प्राण्याच्या हाडासारखी. माणसांनी तिच्याखालून जावे एवढी मोठी. जगप्रसिद्ध शिल्प म्हटल्यावर मी सवयीने 'हात लावू नये' ही पाटी शोधू लागलो. पाटी सापडेपर्यंत आमचे बाळ तिच्याखालून सात वेळा धावून आले होते.

तिथून झाहाराकोसमध्ये. हे १९०० सालचे आइस्क्रीमचे दुकान. ग्रीसहून आलेल्या भावांनी काढलेले. २००६ साली बंद पडले होते, २००९ साली डागडुजी करून पुन्हा उघडले. संगमरवरी काउंटर, रंगीत काचेचा दिवा, आणि एक भले मोठे कपाट, ते आपोआप वाजते! आतून बासऱ्या, ढोल, झांजा असे सगळे बँडपथक एकदम सुरू होते. वाजवणारा कोणी नाही. आपल्याकडच्या लग्नात असे कपाट असते, तर नवरदेवाला वरात संपेपर्यंत कोणाच्या पाया पडावे लागले नसते.

नातवाने चमचा चाटत विचारले, "आबा, तू फायर स्टेशन बनवलंस?"

"नाही रे."

"जेल?"

"तेही नाही."

"मग तू काय बनवलंस?"

पेन्शनच्या अर्जावर या रकान्यात 'आरेखक' असे एका शब्दात भरले होते. पोराला काय सांगणार? म्हटले, "शाळा. पण सगळ्या सारख्याच." आणि टेबलावरच्या कागदी रुमालावर पेनने काढू लागलो. दोन खोल्या. दारे. खिडक्या. हात थांबेना. मग १९८८ सालची ती शाळा आठवली. पावसाळी गाव होते. टाइप प्लॅनमध्ये व्हरांडा चार फूट. मी साहेबांना न विचारता सात फूट काढला. पावसाच्या दिवसांत मुलांना डबा खायला बसता येईल, दप्तरे कोरडी राहतील, एवढाच विचार. साहेबांनी लाल पेन्सिलीने तो व्हरांडा खोडला आणि वर शेरा मारला : 'शाळा आहे, वाडा नव्हे.' त्यानंतर मी कधी टाइप प्लॅन सोडला नाही. पस्तीस वर्षांत एवढाच एक नकाशा माझा होता, आणि तो झाला नाही.

हे मी नातवाला सांगत होतो. मराठीतून सांगत होतो आणि त्याचे लक्ष चेरीकडे होते. पण चिरंजीव एकदम म्हणाले, "तो नकाशा मला माहीत आहे, बाबा."

"तुला कसा माहीत?"

"पाचवीत गणिताच्या वहीला त्याचंच कव्हर होतं."

आणि मला आठवले. कचेरीतली रद्द झालेली अमोनिया प्रिंटे मी घरी आणायचो. मागची बाजू कोरी, कागद जाड. पोराच्या सगळ्या वह्यांना तीच कव्हरे. दुकानातली पिवळी कव्हरे का आणत नाही, म्हणून हा वर्षातून एकदा रडायचा.

"व्हरांडा आतल्या बाजूला दुमडला गेला होता," तो म्हणाला. "लाल पेन्सिलीसकट. मी तासाला कव्हर उलगडून बघत बसायचो."

"गणित सोडून?"

"अमोनियाचा वास यायचा त्याला. तुमच्या शर्टाला यायचा तोच."

मी सोड्याचा मोठा घोट घेतला. तिकडचा सोडा फार तिखट असतो. नाकात जातो आणि डोळ्यांत पाणी आणतो. सूनबाईंनी न बोलता माझ्यापुढे कागदी रुमाल सरकवला. नकाशा काढलेला नव्हे, दुसरा.

नातवाने माझ्या हातातले पेन ओढून घेतले. व्हरांड्यात सहा मुले काढली. मुले शाळेपेक्षा उंच होती. म्हटले, "आता शाळेला नाव दे." मी हे म्हणालो आणि टेबलाखाली घट्ट मूठ आवळून बसलो, कारण जिभेच्या टोकावर 'त्रिंबक विद्यालय' आले होते. पोराने बराच विचार केला आणि म्हणाला, "फायर स्टेशन नंबर फाइव्ह."

"छान आहे," मी म्हणालो.

आमच्या हिने चमकून वर पाहिले. या खेपेला कोणी गेले नव्हते.

मग मी वेटरला बोलावून सगळ्यांना पुन्हा एकेक आइस्क्रीम सांगितले. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमची शुगर!" म्हटले, "असू दे. ही दुसरी बाटली आहे." त्यांना काही कळले नाही. मुलाला कळले असावे. कारण तो उठून त्या वाजणाऱ्या कपाटाकडे उगाचच बघायला गेला.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मी मिलरसाहेबांचा विचार करत होतो. त्यांनी गावाला शाळा बांधून दिल्या नाहीत. बांधून दिल्या असत्या, तर लोकांनी शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाची फरशी बसवली असती आणि पुढच्या पिढीने ती काढली असती. त्यांनी फक्त नकाशा दिला, आणि घर ज्याचे त्याला बांधू दिले. टिप्टनसाहेबांनी तीस एकर दिली आणि नाव मागितले. दोघांपैकी कोणाचे गाव झाले, हे आता तिथल्या रस्त्यावरून फिरताना कोणालाही दिसते. बापाने मुलाला याहून जास्त द्यायचे तरी काय असते? थोडा रुंद व्हरांडा. मग तो वाईत बांधो की मक्यात.

निघायच्या दिवशी सामान मोटारीत भरले. नील मागे माझ्या शेजारी बसला. हो, नील. दोन महिन्यांत जिभेला सवय झाली. नाव काही वाईट नाही, उच्चारायला सोपे आहे आणि हाक मारली की पोरगा येतो. बाळ म्हटल्यावर येत नसे. आपल्याला म्हणतात, हेच त्याला कळत नव्हते.

"बाबा, बाहेरच्या रस्त्याने जाऊ या," चिरंजीव म्हणाले. "गावातून नको. पाच मिनिटं वाचतील."

"गावातून घे," मी म्हटले.

"उशीर होईल."

"होऊ दे. वळसा नको. सरळ आपल्या गावातून घे."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर कोर्टाचा मनोरा कुठे दिसतो ते बघत होतो. गाडी गावाकडे वळली.